रोल केज : छपरावरचा भार शेवटी जातो कुठे?

हौशी रॅलीसाठी किंवा ऑटोक्रॉससाठी जुनी झेन, एस्टीम नाहीतर जिप्सी घेतली की पहिले पैसे इंजिनावर जातात आणि रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतला माणूस वाचावा म्हणून बसवलेला नळ्यांचा पिंजरा, ‘नंतर बघू’मध्ये पडतो. मग स्पर्धा तोंडावर येते, गाडी फॅब्रिकेशनवाल्याकडे उभी राहते आणि तो गेट-ग्रिलच्या सवयीने पाइप वाकवून आत बसवून देतो. दिसायला दणकट. पण गाडी उलटली की नुसत्या पाइपच्या जाडीने निभावत नाही. छपरावर आलेला भार कुठल्या वाटेने गाडीच्या सांगाड्यात उतरतो, यावर सगळं ठरतं. ती वाट एका जागी तुटली तर उरलेला केज म्हणजे गाडीत वाहून नेलेलं ५० किलोचं ओझं.

भाराचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. होमोलोगेशनसाठी, म्हणजे केजला अधिकृत मान्यता मिळण्यासाठी, एफआयएची (मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेची) जी स्थिर चाचणी असते, तिच्यात गाडीचं वजन अधिक १५० किलो, याच्या साडेसात पट भार मेन हूपवर (सीटमागच्या मुख्य कमानीवर) उभा देतात आणि हूप ५० मिमीपेक्षा जास्त दबता कामा नये. ९०० किलोच्या हॅचबॅकसाठी हा भार पावणेआठ टनांच्या वर जातो. पुढच्या हूपच्या (समोरच्या काचेजवळच्या कमानीच्या) कोपऱ्यावर साडेतीन पट, तिथे १०० मिमीपर्यंत सूट. घरगुती केजला ही चाचणी द्यावी लागत नाही, पण डोळ्यासमोर हेच आकडे ठेवून काम करायचं.

पाइप घेताना पहिली फसगत मापाची होते. पाण्याच्या पाइपच्या दुकानात ‘दीड इंची’ मागितला की मिळतो तो बोअरच्या (आतल्या पोकळीच्या) हिशेबातला. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी असतो, ३८ नव्हे. शिवाय हा पाण्याचा पाइप आयएस १२३९ चा, त्याची किमान ताणशक्ती ३२० मेगापास्कल. एफआयएच्या नियमांतल्या अपेंडिक्स जे, कलम २५३ ला लागतो कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेला, बिनजोड) कार्बन स्टीलचा पाइप, किमान ३५० मेगापास्कलचा, कार्बन ०.३ टक्क्यांच्या आत. जीआय (जस्त चढवलेला) पाइप तर दुकानातच सोडून या. जस्ताचा धूर छातीत जातो आणि वेल्डिंगमध्ये भोकं पडतात ती वेगळीच. कुंभारवाड्यात घ्या की भोसरीत, ‘सीडीएस ट्यूब’ म्हणून मागा, मिल टेस्ट सर्टिफिकेट (कारखान्याचा चाचणी दाखला) घ्या आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, पाइपवरच्या नंबराशी जुळवून बघा.

मापं बाहेरचा व्यास बाय भिंतीची जाडी अशी: मेन हूपला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिमी, बाकीच्या नळ्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. ५० बाय २ चा पाइप ४५ बाय २.५ पेक्षा मीटरमागे पाव किलोने हलका (२.३७ विरुद्ध २.६२ किलो) आणि वाकण्याविरुद्ध साधारण १५ टक्के ताठ. कागदावर तोच सरस. पण पातळ पाइप बेंडमध्ये लवकर चपटा होतो आणि लहान गाडीत ते पाच मिमी डोक्याजवळच नडतात. बेंडिंगच्या मशिनवर पूर्ण भरवसा नसेल तर ४५ बाय २.५ घेतलेला बरा. पूर्ण केजला साधारण २४ मीटर पाइप जातो. दोन मीटर जास्तीचा आणा, पहिला बेंड हमखास चाचणीतच जातो.

बेंड थंडच काढायचा. वाळू भरून गॅसने लाल करून वाकवला की कोल्ड ड्रॉइंगने आलेली ताकद तिथेच निघून जाते. बेंडची त्रिज्या मध्यरेषेवर व्यासाच्या किमान तिप्पट हवी, म्हणजे ४५ च्या पाइपला १३५ मिमी. बेंड झाला की व्हर्नियर लावा. लहान व्यास भागिले मोठा व्यास ०.९ च्या खाली गेला तर तो तुकडा भंगारात. प्लंबरच्या हायड्रॉलिक बेंडरवर आतल्या बाजूला सुरकुती पडते. पाइप दाबाखाली नेमका त्याच सुरकुतीत घडी घेतो, त्यामुळे ‘थोडीशीच आहे’ म्हणून ती चालवून घेऊ नका. मेन हूप आख्ख्या एका नळीचा, मध्ये जोड नाही.

हूपची जागा आखण्याआधी सीट कायमची बसवा. ड्रायव्हरला हेल्मेट घालून, बेल्ट आवळून बसवा आणि मगच मापं घ्या. हेल्मेट आणि कुठल्याही नळीत ५० मिमी तरी हवेत, जमलं तर ७५. कमी पडत असतील तर सीट खाली घ्या. हूप वर सरकवायला छपरात जागा नसतेच. मेन हूप उभ्यापासून १० अंशांपेक्षा जास्त कललेला नको. बॅकस्टे, म्हणजे हूपपासून मागे उतरणाऱ्या आधाराच्या नळ्या, छपराच्या रेषेजवळून, हूपच्या वरच्या बाहेरच्या बेंडपासून मागे, उभ्याशी किमान ३० अंश करून न्या. खांद्याच्या पट्ट्यांची आडवी नळी अशा उंचीवर की पट्ट्या सीटमागे जवळजवळ आडव्या जाव्यात. त्या थेट फ्लोअरला बांधल्या तर धडकेत पाठीचा कणा खाली दाबला जातो.

आता सांध्यांकडे. डायगोनल (हूपमधली तिरकी नळी) सरळच हवा, बेंड एकही नाही. त्याचं वरचं टोक हूप-बॅकस्टेच्या सांध्यापासून १०० मिमीच्या आत, खालचं टोक हूपच्या पायापासून १०० मिमीच्या आत. नळ्या एका बिंदूत भेटल्या की प्रत्येक नळी फक्त दाबली किंवा ताणली जाते आणि त्यात पाइप तगडा असतो. डायगोनल सोयीसाठी हूपच्या मध्यावर नेऊन टेकवला की तोच हूपला मधोमध वाकवायला लागतो. बऱ्याच केजमध्ये नळ्या भरपूर असतात आणि त्यातल्या निम्म्या अशाच दुसऱ्या नळीच्या पोटात संपतात. वजन वाढतं, बाकी काही नाही.

दाराच्या जागी नळ्यांचा एक्स करा. एक नळी सलग, दुसरी दोन तुकड्यांत, छेदावर यू आकाराचे गसेट (पत्र्याचे आधार). वरचं टोक दाराच्या उघडीच्या निम्म्या उंचीपेक्षा वर जायला नको, नाहीतर आग लागली की बाहेर निघणं मुश्कील.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पायांकडे. मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या, बॉडीच सांगाडा असलेल्या) गाडीच्या फ्लोअरचा पत्रा एक मिमीचाही नसतो. त्यावर ४५ चा पाइप उभा ठोकला तर उलटताना पाय पत्रा फाडून खाली जातो, केज धड राहतो आणि छप्पर डोक्यावर येतं. म्हणून हूपच्या पायाखाली किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी. ती नुसती फ्लोअरवर आडवी न टाकता एल आकारात वाकवून दाराखालच्या सिलच्या उभ्या भिंतीवर चढवा. सिल ही बंद पेटी आहे, भार तिथे द्यायचा. प्लेटचे कोपरे गोल करा, टोकदार कोपऱ्यातून पत्र्याला चीर जाते. बोल्टचा केज असेल तर हूपच्या प्रत्येक पायाला एम८ चे ८.८ ग्रेडचे किमान तीन बोल्ट आणि पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला तीच प्लेट. बॅकस्टेला दोन बोल्ट आणि ६० चौरस सेंटिमीटर चालतात. सिल गंजलेली असेल तर आधी ती कापून नवी करा. गंजावर मारलेलं वेल्डिंग नुसतं चिकटलेलं असतं.

वेल्डिंग प्रत्येक सांध्याला पूर्ण गोल हवं आणि इथेच खरी गोची होते. छपराला टेकलेल्या नळीच्या वरच्या अंगाला टॉर्च पोचत नाही. मग वेल्डर खालून पाऊण सांधा मारतो, वरचा भाग तसाच राहतो आणि रंग मारला की कुणाला दिसत नाही. यावर उपाय असा: पायांच्या जागी फ्लोअरला भोकं पाडायची, केज आत टॅक करून (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडून) त्या भोकांतून दहाएक सेंटिमीटर खाली उतरवायचा, वरचे सांधे मारायचे, मग केज उचलून भोकांवर प्लेटच्या पेट्या बसवून पाय त्यांवर टेकवायचे. दुसरी तऱ्हा म्हणजे स्पॉट वेल्ड ड्रिल करून छपराचा पत्राच काढणे. दोन्हींत दिवस जातात, म्हणून कोटेशन घेतानाच विचारा, ‘वरचे सांधे कसे मारणार?’ उत्तरादाखल नुसतं हसू आलं तर दुसरा वेल्डर बघा.

नळ्यांची तोंडं होल सॉने किंवा कागदी टेम्प्लेट गुंडाळून अशी कापा की फट एक मिमीच्या वर नको. मोठी फट वायरने भरून काढलेला सांधा जाड दिसतो, पण आत पोकळ असतो. आधी पूर्ण केज टॅक, मग आलटून पालटून समोरासमोरचे सांधे, नाहीतर हूप एका बाजूला ओढला जातो. काम सुरू करण्याआधी बॅटरी आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बाहेर, फ्लोअरवरचं डांबर खरवडून साफ, पेट्रोलची लाइन आणि टाकी उतरवलेली. वेल्ड ग्राइंडरने गुळगुळीत करू नका. त्यात सांध्याचा जीव जातो आणि स्क्रुटिनीत (स्पर्धेआधीच्या तपासणीत) संशय येतो तो वेगळा.

हेल्मेट लागू शकेल तिथे एफआयए ८८५७-२००१ चं कडक पॅडिंग. एसीच्या पाइपवरचा काळा फोम बोटाने दाबला तरी नळी लागते, तो पॅडिंग नव्हे. विना हेल्मेट अशा गाडीत बसणं म्हणजे डोक्याशेजारी लोखंडी कांब घेऊन फिरणं. त्यात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांच्या आड येतं, म्हणून स्पर्धेची गाडी ट्रेलरवरच न्यावी.

क्रोमिंग करू नका आणि जाड पावडर कोटही नको. प्रायमरवर फिका, पातळ रंग मारा. पांढऱ्या रंगावर केसाएवढी चीर गंजाच्या रेघेने लगेच दिसते. प्रत्येक स्पर्धेनंतर पाय, बॅकस्टेची खालची टोकं आणि डायगोनलचे सांधे बॅटरीचा उजेड मारून बघा. गाडी एकदा उलटली आणि हूप वाकला तर जॅक लावून सरळ करायचा नाही, कापून नवा टाकायचा. आणि पाइपला हात लावण्याआधी त्या वर्षीची एफएमएससीआयची (भारतातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेची) नियमपुस्तिका काढून आपल्या क्लासचं पान वाचा, कारण मापं आणि सक्तीच्या नळ्या क्लासप्रमाणे बदलतात.