गिअरबॉक्स खाली घेतल्यावर

गुळाचा हंगाम होता. शाहू मार्केट यार्डातनं कोकणात गूळ घेऊन जाणारे टेंपो परतताना जांभ्याचा चिरा भरून येतात आणि साखरप्यापासून वर आंबा घाट चढताना क्लच गमावतात. त्या सकाळी आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजला एक टेंपो टोचन करून आणला. मालक मोटारसायकलवर पुढं, आणि टेंपोत स्टिअरिंगवर पंचविशीचा ड्रायव्हर, मान खाली घातलेला.

मालकांनी गाडी स्टँडला लावायच्या आतच सुरुवात केली. "मिस्त्री, असला वाईट ड्रायव्हर मी आयुष्यात बघितला न्हाई. आठ म्हैन्यांत क्लचची दुसरी प्लेट. हाफ क्लचवर, म्हंजे पेडल अर्धं दाबून घाट चढतोय ह्यो. तुमी फक्त तसं लिहून द्या, पगारातनं कापून घेतो."

बावीस वर्षं मी क्लच-गिअरबॉक्सचं काम करतोय. कुणाचा पगार कापायला माझा कागद मागितलेला हा पहिलाच प्रसंग. म्हटलं, "गिअरबॉक्स खाली घेतो, मग बोलू."

आमच्याकडं आयटीआय झालेला एक पोरगा आहे. फॉर्म्युला वनची एक शर्यत चुकवत नाही. कोल्हापूरला रेसिंगचा नाद जुना आहे, इथं गो-कार्टचा ट्रॅक आहे आणि इथली पोरं परदेशात जाऊन शर्यती खेळलीत. 'वाईट ड्रायव्हर' हे शब्द कानावर पडले आणि प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट सोडता सोडता तो म्हणाला, "सगळ्यात वाईट म्हंजे युजी इदे. २००६ साली इटलीत इमोलाला पहिल्याच लॅपला अल्बर्सची गाडी उलटी केली. चार शर्यती झाल्या आणि फॉर्म्युला वनला लागणारं सुपर लायसन्सच काढून घेतलं."

समोरचे लेथवाले काका चहाचा कप घेऊन आले होते. ते शूमाकरच्या पहिल्या दिवसांपासून बघतात. "इदे कसला? ताकी इनोउए. १९९५ ला मोनॅकोत ह्याची बंद पडलेली गाडी ओढून नेताना मागनं आयोजकांचीच गाडी येऊन धडकली, ह्याची उलटी. त्याच वर्षी हंगेरीत गाडीनं पेट घेतला, ह्यो विझवायला पळाला, तर मेडिकल कारनं ह्यालाच उडवलं."

"काका, ह्यात त्याच्या चालवण्याचा काय दोष?" मी गाडीखालच्या खड्ड्यातनंच विचारलं. पाय दुखावला तो त्याचा, आणि तीस वर्षं लोक सांगतात तेही त्याच्याच नावावर.

इदेचंही मला पटत नाही. जपानच्या फॉर्म्युला निप्पॉन ह्या शर्यतींत आदल्या वर्षी दुसरा आलेला माणूस तो. टीम काही महिन्यांत उभी केलेली, आणि हातात दिलेल्या गाडीचा सांगाडा २००२ च्या अ‍ॅरोज टीमच्या गाडीचा. आपल्या करुण चंडोकचं तरी वेगळं काय? २०१० ला बहरीनमध्ये सरावाला गाडीच तयार नव्हती, पहिली लॅप मारली ती थेट क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे शर्यतीतला सुरुवातीचा नंबर ठरतो तिथं. खासबागेत कुस्ती लावताना वस्ताद आधी जोड बघतात. वजन बघतात, तयारी बघतात. बेजोड कुस्ती लावून पोरगं चितपट झालं, तर लोक पोराला नाही, जोड लावणाऱ्याला बोलतात.

पैसे भरून सीट घेणाऱ्यांचा मात्र मला राग आहे. स्वित्झर्लंडचा देलेत्राझ १९९४ आणि १९९५ मध्ये असाच आला, तीन शर्यती, आणि त्यातल्या पोर्तुगालच्या शर्यतीत पेटके आले म्हणून थांबला. तशी एक सीट विकली की कुठंतरी खरा तयार पोरगा घरी बसतो. पुढच्याच वर्षी नियम आला, की पोल पोझिशनच्या, म्हणजे क्वालिफाइंगमधल्या सगळ्यात वेगवान लॅपच्या, वेळेच्या १०७ टक्क्यांत बसलात तरच शर्यतीत उतरायचं. बरं झालं.

"मग लुका बडोएर?" पोरानं विचारलं. "पन्नास शर्यती, एकबी पॉइंट न्हाई. इतकं कुणाचंच न्हाई."

तोवर गिअरबॉक्स ट्रॉली जॅकवर आला होता. मी हात पुसले आणि त्याला १९९९ ची जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगची शर्यत सांगितली. पावसानं सगळा खेळ उलटापालटा झालेला. बडोएरची मिनार्डी, सगळ्यात गरीब टीमची गाडी, चौथ्या नंबरला. तेव्हा पॉइंट पहिल्या सहांनाच मिळायचे. तेरा लॅप राहिल्या असताना गिअरबॉक्स गेला. गाडी कडेला घेतली आणि तो माणूस गाडीपाशीच रडत बसला. मी गिअरबॉक्सचंच काम करतो, मला ते बघवत नाही.

ड्रायव्हर दाराशी उभा राहून ऐकत होता. मी बघतोय हे लक्षात येताच तो बाजूला सरकला.

आता प्लेट. हाफ क्लचवर चालवणाऱ्याची प्लेट कोरडी निघते, रिव्हेटपर्यंत घासलेली, क्लचच्या घराच्या आत काळी भुकटी. शिवाय पाय कायम पेडलवर असला की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग घरघरतं. हे बेअरिंग मी बोटानं फिरवलं, आवाज नाही. प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांची टोकं शाबूत. प्लेट मात्र काचेसारखी चकाकत होती, आणि नखानं खरवडली तर वरचा काळा थर चिकट निघाला. जळकं तेल. फ्लायव्हीलवर निळे डाग होते, पण त्याच्या मागं क्रँकच्या ऑइल सीलपासून, इंजिनचं तेल अडवणाऱ्या रिंगेपासून, खाली ओघळ आलेला. सील गळत होता. मागच्या वेळी दुसरीकडं प्लेट बदलली तेव्हा तो सील तसाच ठेवलेला दिसत होता.

मालकांना खड्ड्यात बोलावलं आणि त्यांचं बोट त्या ओघळावर ठेवलं.

ड्रायव्हर पहिल्यांदा बोलला. "मी दोनदा सांगिटलं हुतं शेठ. गाडी लावतो तितं तेलाचा डाग पडतोय म्हणून."

"जुनी गाडी, गळणारच, म्हटलो हुतो मी," मालक हळू आवाजात म्हणाले.

ड्रायव्हरलाही मी सोडलं नाही. विचारलं, वास कुठनं यायला लागला? म्हणाला, साखरप्यातनंच. मग तिथं थांबून भार उतरवायला हवा होता, फोन करायला हवा होता. तसं न करता घाट चढवला, म्हणून प्लेटबरोबर प्रेशर प्लेट तापून गेली आणि फ्लायव्हील फेस करायला, म्हणजे घासून सपाट करायला, लेथवर पाठवायची पाळी आली. ते त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानं मान डोलवली.

बिलावर मी एवढंच लिहिलं: क्रँकचा मागचा ऑइल सील गळका, प्लेटवर तेल. मालकांनी दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. पगाराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी फ्लायव्हील काकांकडनं फेस होऊन आलं. नवा सील बसवताना ड्रायव्हर पोराच्या शेजारी बॅटरी धरून उभा होता. त्यानं विचारलं, "त्यो बडोएर पुढं काय झाला रं?"

"फेरारीत गाडी टेस्ट करत ऱ्हायला. धा वर्षं. २००९ ला त्यांचा ड्रायव्हर फेलिपे मासा, त्याच्या डोस्क्याला मार लागला, तवा ह्याला बसवलं. सीझनमधी टेस्टिंग बंद केलेलं त्या वर्षी, गाडीवर हात बसायला वेळच न्हाई. दोन शर्यती, दोन्हीत शेवटचा."

"आणि तिसरी?"

"तिसरी दिली न्हाई."

ड्रायव्हरनं बॅटरी दुसऱ्या हातात घेतली आणि उजेड पुन्हा सीलवर धरला.