टाकी अर्धी झाली की गाडी रुसते

आमची व्हॅन म्हणजे पंधरा वर्षं शाळेच्या पोरांची ने-आण करून रिटायर झालेली डिझेल गाडी, एमएच १९ पासिंग. मी ती भावाच्या मदतीनं आतून मोकळी केली, खाट टाकली, सिंगल शेगडी बसवली, मागं पाण्याची टाकी, झालं कॅम्पर. लोक हसले पण दोन सीझन मस्त फिरलो, तोरणमाळ झालं, पाल झालं, सारंगखेड्याच्या यात्रेत तर चार दिवस गाडीतच मुक्काम.

मग या एप्रिलपासून नखरे सुरू. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ यायची, बॉनेट उघडून फीड पंपाचं (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) बटण तीस-चाळीस वेळा दाबलं की मग कुठं हुं हुं करत उठायची. एकदा उठली की सपाट रस्त्याला काही नाही, जळगाव-धुळे आरामात, पण चढ लागला की दम सोडायची. आणि गंमत म्हणजे डिझेलची टाकी फुल असली की हे काहीच व्हायचं नाही! हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले, तोवर मी डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलून बसलो होतो.

या दोन महिन्यांत सल्ले किती मिळाले विचारू नका. सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे ऊन. जळगावात पारा ४४ वर गेला की कशाचंही खापर उन्हावर फोडता येतं, "डिझेलची वाफ होते हो, ओला कपडा टाका पाईपवर." अहो वाफ व्हायची ती पेट्रोलच्या जुन्या कार्बोरेटर गाड्यांत, डिझेल उकळायला दीडशे डिग्रीच्या पुढं जावं लागतं, त्याआधी आपणच उकळू. दुसरा सल्ला, इंजिनचा डिझेल पंप (नोझलमधून प्रेशरनं इंजिनात डिझेल सोडतो तो) उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मापात बसवायला पाठवा. एका गॅरेजवाल्यानं तर गाडीला हात न लावताच वीस हजार सांगितले.

शेवटी वेरूळला निघालो तेव्हा चाळीसगावच्या पुढं कन्नड घाटात, म्हणजे ज्याला ऑट्रम घाट म्हणतात (१८२५ साली धरणगावला भिल्ल कोअर म्हणजे भिल्लांची पलटण उभी करणारा तोच हा इंग्रज अधिकारी ऑट्रम), तिथं अर्ध्या चढावर गाडी फडफडली आणि गप्प. टाकी अर्ध्याच्या खाली. मागं ट्रकांची रांग, बायको दगड घेऊन चाकामागं, भाचा आतून विचारतोय मामा आलं का वेरूळ. बटण दाबून हवा काढली, दोनशे मीटर गेली, परत गप्प. मग सरळ न्यूट्रलला न टाकता, गिअरमध्येच उतरवत परत चाळीसगाव गाठलं.

तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये म्हातारे मिस्तरी भेटले, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मी म्हटलं आप्पा, पाईप सगळे बघितले, कुठं एक थेंब गळत नाही. आप्पा बिडी विझवत अहिराणीत म्हणाले, "भो, बाहेर गळस ते दिखस, हवा मजार शिरस ती दिखत नही." (बाहेर गळतं ते दिसतं, हवा आत शिरते ती दिसत नाही.)

झालं, तिथंच माझी ट्यूब पेटली. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाईप हा ओढणारा पाईप, तिथं बारीक भोक असलं तर डिझेल बाहेर येण्यापेक्षा हवाच आत जास्त ओढली जाते. रात्री गाडी उभी असली की त्या भोकातून हवा शिरते आणि पाईपातलं डिझेल मागं टाकीत उतरतं, म्हणून सकाळची बोंब. चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, हवा वाढते.

आप्पांनी पाच लिटरचा रिकामा ऑईलचा कॅन धुतला, त्यात डिझेल भरून सीटच्या वर हुकाला टांगला आणि गवंडी वापरतात तो लेव्हलचा पारदर्शक पाईप कॅनमधून थेट फीड पंपाला लावला. रिटर्नचा पाईपही (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) कॅनमध्येच सोडला, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. मग फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून बटण मारलं, आधी पांढरा फेस, मग स्वच्छ धार, स्क्रू टाईट, पुढं डिझेल पंपाच्या स्क्रूला तेच. एक सांगतो, पेट्रोल गाडीत हा कॅनचा खेळ चुकूनही करू नका, आणि इंजिन चालू असताना नोझलच्या पाईपजवळ बोट नेऊ नका, त्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत घुसतं.

कॅनवर गाडी घाट चढली! वरपर्यंत, एकदाही न फडफडता. म्हणजे डिझेल पंप, नोझल, फिल्टर सगळे निर्दोष, वीस हजार वाचले, चोर टाकी आणि फीड पंपाच्या मधेच.

मग परत शेडवर येऊन लेव्हल पाईपचा तुकडा फीड पंपाच्या अलीकडे जोडून टाकीवर गाडी चालू केली, तर पाईपात साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागं एक. (तो तुकडा फक्त तपासायला, कायमचा ठेवला तर डिझेलनं कडक होऊन तडकतो.) आप्पा खाली झोपले, टॉर्च मारत मारत मागं सरकले आणि हसायला लागले. "हाई कोन्हं काम शे?"

माझंच होतं. खाट बसवताना मी फ्लोअरमधून जो लांब स्क्रू मारला होता त्याचं टोक खाली टाकीजवळच्या रबरी पाईपला टेकलेलं, दोन वर्षं घासून घासून टाचणीएवढं भोक. टाकी फुल असली की डिझेलची लेव्हल भोकाच्या वर, म्हणून नुसतं पाझरायचं आणि त्यावर धूळ बसून काळी पापडी धरलेली, मी ती चिखल समजून दहा वेळा बघितली होती. लेव्हल खाली गेली की हवा.

नवा डिझेलचा रबरी पाईप, दोन क्लिपा, दोन कॉपर वायसर, साडेतीनशे रुपये. आप्पांनी मजुरीचे दोनशे घेतले आणि स्क्रूचं टोक ग्राइंडरनं उडवलं त्याचे काहीच नाही. वेरूळ त्या दिवशी राहिलंच, संध्याकाळी तिथंच शेडमागं गाडी लावून शेवभाजी केली, आप्पांना आग्रह केला तर म्हणाले तिखट कमी शे.