आमची वाटचाल : 29 वरून 54

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वडिलांनी 1988 साली कोकवरच्या क्युपोला भट्टीनं फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, सुरू केली. पंप आणि व्हॉल्व्हची बिडाची कास्टिंग्ज. 2011 साली विजेची इंडक्शन भट्टी आली, धूर गेला, आणि पर्यावरणाचं आपलं काम झालं असं आम्ही समजून बसलो. 2022 मध्ये पुण्याच्या ग्राहकाचा मेल आला : आमचा माल जर्मनीला जातो, तुम्ही इकोव्हॅडिसचं रेटिंग करून घ्या.

शंभरात 29 पडले. दहावीत असतो तर नापासच.

इकोव्हॅडिस ही 2007 साली फ्रान्समध्ये सुरू झालेली कंपनी. पर्यावरण, कामगार व मानवी हक्क, व्यवहारातली नीतिमत्ता आणि खरेदी (म्हणजे आपल्याला माल पुरवणारे कसे वागतात), अशा चार विषयांत गुण देते. भट्टी बघायला कुणी येत नाही, कागद तपासतात. आमच्याकडे कागदच नव्हते. एका सल्लागाराकडून तयार पॉलिसी घेतली होती, तिच्यात ‘आमच्या जहाजांवरील कर्मचारी’ असं वाक्य निघालं. पंचगंगेत आमचं जहाज कुठलं! सही माझीच होती, न वाचता केलेली.

दुसऱ्या वर्षी सल्लागार नको म्हटलं आणि महावितरणची बिलं घेऊन बसलो. वितळवलेल्या टनाला 720 युनिटं. मी छातीठोकपणे साडेसहाशे सांगत असे. मग रोज भट्टीपाशी उभा राहिलो. धातू तयार, पण साचे तयार नाहीत, म्हणून भट्टी वीस-वीस मिनिटं नुसती तापत उभी, तीही झाकण उघडं ठेवून. झाकण कुठाय विचारलं तर ते शेडमागं गंजत पडलेलं. एका सुट्टीच्या दिवशी फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवून मी आणि फिटर शेडमध्ये फिरलो. एरवी शॉट ब्लास्टिंगच्या, म्हणजे छर्रे मारून कास्टिंग साफ करण्याच्या, आवाजात काही ऐकू येत नाही. त्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यातून फुसफुस. सतरा ठिकाणी हवा गळत होती, बरीचशी होजच्या क्लिपांपाशी. साचे आधी, धातू वितळवणं नंतर, असा क्रम लावला. आज टनाला 640 युनिटं लागतात. ग्रिडच्या विजेमागं युनिटला साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे टनामागं 56 किलो वाचला. सोलर पॅनेलचा फोटो लावण्यापेक्षा मला याचं जास्त वाटतं.

रेटिंगमधल्या कामगारांविषयीच्या प्रश्नांनी मात्र खजील केलं. वाळूच्या धुळीनं फुफ्फुसाला सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी फेटलिंगची, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारी, माणसं तोंडाला पंचा बांधून ग्राइंडिंग करत होती. वार्षिक तपासणी कंपनीच्या कायम कामगारांची व्हायची, आणि फेटलिंगला सगळे ठेकेदाराचे. आता एक्स-रे सगळ्यांचे होतात, ग्राइंडरपाशी धूळ ओढणारा डक्ट बसवलाय. त्याला सव्वाचार लाख लागले. फेटलिंगचे मामा म्हणाले, “मालक, घरी गेल्यावर पोरगं आता ओळखतंय.”

2024 मध्ये 54 झाले. त्या वर्षापासून रेटिंग झालेल्या कंपन्यांत वरच्या 35 टक्क्यांत असाल तरच ब्राँझ पदक, म्हणून ते हुकलं. खरेदीत अजून तीसच आहेत. भंगारवाल्याला म्हटलं, “तुमच्याकडं बालकामगार नाहीत, एवढं लिहून द्या.” तो म्हणाला, “देतो की. आधी मागचं बिल भागवा.”