गाडी लागणाऱ्या पोरासाठी कार सीट घेताना

आमच्या लेकाला गाडी लागते. थोडीथोडकी नाही, चांगलीच. वय सव्वादोन वर्षं, वजन साडेअकरा किलो, आणि आमचं गाव कासच्या पुढं बामणोलीच्या बाजूला. म्हणजे साताऱ्यातून समर्थ मंदिरापाशी वर लागलं की लगेच यवतेश्वरचा घाट सुरू. दर महिन्याला एकदा तरी जावंच लागतं, सासरचं घर तिथंच आहे.

उलटी व्हायच्या आधी तो बोलायचा बंद होतो. आधी जांभया येतात, मग ओठांभोवती पांढरं पडतं, मग लाळ. हल्ली तर स्वतःच सांगतो, "आई, पाणी आलं." तोंडाला पाणी सुटलं असं म्हणायचं असतं त्याला. ते ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण तिथनं पुढं जेमतेम अर्धा मिनिट असतो.

पहिली सीट आम्ही घाईत घेतली होती, मऊ गादी बघून, रंग बघून. बाळ झोपलंय छान, अजून काय पाहिजे असं वाटलं. तो दीड वर्षाचा होईपर्यंत फार त्रास नव्हता, तान्ह्या बाळांना गाडी कमीच लागते, दोन वर्षांच्या आसपास हे सुरू होतं आणि शाळेच्या वयात जास्त असतं असं आमच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण वळतोय, डोळ्यांना समोर सीटची पाठ दिसते ती जागची हलत नाही, दोघांचा मेळ बसत नाही आणि पोट ढवळतं.

तर पावसाळ्यात एकदा घाटात त्याला मोठी उलटी झाली. वरण-भात खाऊन निघालेलो. गाडी बाजूला घेतली, पुसलं, कपडे बदलले, परत बसवला आणि बकल लागेचना. दाबलं की आत जायचं पण खट् वाजायचं नाही, ओढलं की बाहेर. धुकं, मागनं गाड्या, पोरगं रडतंय. सासूबाई मागंच बसलेल्या, त्या म्हणाल्या, "आगं, घे की मांडीवर, किती हाल करशील त्याचं." मी म्हटलं, "आई, मांडीवर नको, ब्रेक लागला तर हातात राहत नाही पोरगं." बाटलीतलं पाणी ओतून, काडीनं कोरून बघितलं तर बकलच्या आत भाताचं शीत अडकलेलं. एक शीत! त्या दिवशी मला कळलं की उलटी करणाऱ्या पोराची सीट बघताना पहिला प्रश्न काय विचारायचा. ही सुटी कशी होते?

म्हणून दुसऱ्या वेळी दुकानात मी सरळ सांगितलं, कव्हर काढून दाखवा. दुकानदाराला वीस मिनिटं लागली आणि शेवटी एक पट्टा उलटा बसला. ती सीट बाद. दुसरीचं कव्हर पट्टे न काढता निघत होतं, मधलं बकल खालून सोडवून कोमट पाण्यात धुता येत होतं, आणि खालच्या प्लास्टिकला फार खाचा नव्हत्या. कव्हर मशीनमध्ये चालतं, पण पट्टे मशीनमध्ये टाकायचे नाहीत आणि भिजतही घालायचे नाहीत, धागा कमजोर होतो, ओल्या फडक्यानं साध्या साबणानं पुसायचे. हे सीटच्या पुस्तकातच असतं, वाचा ते.

मग सीटमध्ये पोराचं तोंड कुठं करायचं, गाडीच्या पुढच्या बाजूला की मागच्या काचेकडं. सगळ्यांनी सांगितलं पुढं तोंड करून बसव, मागं तोंड म्हणून लागते. नणंद म्हणाली पुढच्या सीटवरच बसव, पुढं लागत नाही. पुढं तर नाहीच, आणि मागं तोंड असलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या जागेसमोर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. राहिला प्रश्न तोंडाचा. या वयात डोकं जड आणि मान कोवळी, समोरून धडक बसली तर मागं तोंड असलेल्या सीटची पाठ डोकं, मान, पाठ सगळं एकदम धरते. मला ते सोडायचं नव्हतं. कार सीटच्या सुरक्षेचा आर ४४ नावाचा जुना नियम आहे, त्याच्या पुष्कळ सीट १३ किलोपर्यंतच मागं तोंड करून वापरता येतात, आम्ही १८ किलोपर्यंत चालणारी शोधली, थोडी महाग पडली. आर १२९ हा नवा नियम लिहिलेल्या सीटमध्ये वजनाऐवजी उंचीवर ठरतं, म्हणून दुकानात जाताना पोराची उंची मोजून न्या.

आणि मागं तोंड हेच कारण आहे का, हे मला बघायचं होतं. एका दुपारी गाडी उभी असताना मी मागं वाकून माझं डोकं त्याच्या डोक्याच्या जागी नेलं. काय दिसलं? मागच्या सीटचं हेडरेस्ट, आणि काचेला लावलेला काळा पडदा. बस्स. बाहेरचं काहीच नाही! पोराला आम्ही डब्यात बसवलेलं. पडदे काढले, हेडरेस्ट काढलं, काचेपाशी ठेवलेल्या पिशव्या हलवल्या. नवीन सीटची बैठक जरा उंच आहे, त्यामुळं बाजूच्या काचेतून झाडं दिसतात. आणि सीट फार आडवी ठेवली नाही, पुस्तकात त्याच्या वजनाला जेवढी उभी चालते तेवढी उभी केली. आडवं पोरगं छताकडं बघत राहतं, आणि उलटी झाली तर ती घशात मागं जायची भीती.

एक मात्र सांगते, पट्ट्याखाली जाड टॉवेल घालू नका. मीही करायचे. पट्टा सैल राहतो. खांद्यावर पट्टा चिमटीत धरता आला नाही पाहिजे, आणि मागं तोंड असेल तर पट्टा खांद्याच्या बरोबरीनं किंवा खालनं आला पाहिजे. मी आता पट्टे लावून झाल्यावर वरनं पातळ लाळेरं बांधते.

पुण्याच्या एका नातेवाइकांनी त्यांची जुनी सीट देऊ केली होती. मनापासून देत होते, पण खालचा शिक्का पुसलेला, मुदत कळेना, नाही म्हटलं.

गावाकडचे उपाय सगळे झाले. सीटवर पेपर टाकून बसवणं, ते सासूबाईंच्या समाधानासाठी, पण पेपर मी पायाशी ठेवते. आवळा सुपारी द्यायला सांगतात ती या वयात अजिबात नको, घशात अडकते. औषध डॉक्टरांना विचारूनच. आम्हाला उपयोग झाला तो निघायच्या तासभर आधी थोडी भाकरी किंवा पोळी देण्याचा, दूध बंद, मोबाईल बंद, गाडीतला सुगंधी डबा फेकून दिला, काच दोन बोटं उघडी. आणि नवरा घाटात वळणाआधी वेग कमी करतो, वळणात ब्रेक मारत नाही. यानं फार फरक पडला.

कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे, कलम १९४ बी. आमच्याकडं हे फार कुणाला माहीतच नाही.

गेल्या रविवारी परत गेलो. यवतेश्वर पार, कासचा तलाव आला तरी गडी बाहेर बघत "म्हस, म्हस" करत होता. तलावाच्या पुढच्या उतारावर म्हणाला, "आई, पाणी आलं." थांबलो. झालीच उलटी, पण थोडी. लाळेरं काढलं, कव्हर पुसलं, बकल खालून सोडवून बाटलीच्या पाण्यानं धुतलं, परत बसवलं. सासूबाईंनी स्वतः त्याचे दोन्ही हात पट्ट्यातून घातले आणि बकल दाबलं. खट् वाजलं. "लागलं बघ," म्हणाल्या, आणि निघालो.