वेढे कमी-जास्त

इलेक्ट्रिक गिटार अॅम्पला जोडली आणि काहीच वाजवलं नाही, तरी एक सूर लागतोच. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि तो गुणगुणाट पेटीवरच्या पार खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचपाशी, केसभर चढा पडतो. अमेरिकेतली वीज ६० हेलकाव्यांची. तिकडची गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळते. म्हणजे निदान या बाबतीत आपण सुराला जवळ आहोत. तारांखाली बसून त्यांची थरथर टिपणारा भाग म्हणजे पिकअप. तो सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीचा असेल तर हा त्रास जात नाही, फक्त दिशेप्रमाणे कमी-जास्त होतो. माझ्या खोलीत कपाटाकडे तोंड करून बसलं की तो जवळजवळ थांबतो. पाहुण्यांकडे पाठ करून का वाजवतोस, याचं उत्तर मात्र द्यावं लागतं.

पिकअप उघडून पाहिला तर आत चुंबक आणि तांब्याची तार, बाकी काही नाही. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ साली आली. तिच्या प्रत्येक पिकअपवर केसाएवढी बारीक तार सात-आठ हजार वेढे घेऊन बसलेली असते. ती सोडवून सरळ केली तर एक किलोमीटरच्या आसपास भरेल. गिटारची पोलादी तार चुंबकापुढे थरथरली की या गुंडाळीत इवलीशी वीज निर्माण होते, आणि पुढचा सगळा गोंगाट तिचाच. गुणगुणीवरचा तोडगा गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली काढला. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकीचे वेढे आणि चुंबकाची दिशा दुसरीच्या उलट. बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींत विरते, तारेचा सूर मात्र दुप्पट होतो. हाच हंबकर. पेटंट मिळायला १९५९ उजाडलं, पण त्यानंतरही काही वर्षं पिकअपच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचं चिटोरं चिकटवलं जाई. पुढे त्यावर पेटंटचा क्रमांक छापायला लागले, तर तो निघाला गिटारवादक लेस पॉल यांच्या तारा अडकवायच्या पट्टीच्या पेटंटचा! विसरभोळेपणा की नक्कल करणाऱ्यांना चकवा, यावर गिटारवाले अजून वाद घालतात.

आता खरी गंमत. त्या जुन्या हंबकरना आज सोन्याचा भाव आहे, आणि त्यांची ख्याती उभी आहे ती ढिसाळ मोजणीवर. वेढ्यांचा काटेकोर हिशेब ठेवला जात नसे, त्यामुळे एका कॉइलवर थोडे जास्त, दुसरीवर थोडे कमी. चुंबकही हाताला लागेल त्या जातीचं. दोन कॉइल विषम झाल्या की गुणगुण पुरती जात नाही, पण तिच्याबरोबर सुराची थोडी धारही शिल्लक राहते. फेंडरमध्ये १९५६ पासून पिकअप गुंडाळणाऱ्या अॅबिगेल इबारा यांच्या कॉइल आज लोक नाव विचारून शोधतात. हाताने तार सोडली की ती एकसारखी बसत नाही, कॉइलमधला कपॅसिटन्स (वीज साठवून धरण्याचा गुण) घटतो आणि चढे सूर जरा मोकळे होतात. आता संगणकावर चालणाऱ्या यंत्रांना हीच अनियमितता नेमून दिली जाते. कमी-जास्त वेढ्यांची इतकी काटेकोर नक्कल, आणि वर तिचे जादा पैसे. मला हा व्यवहार मनापासून आवडतो. पैसे मीही मोजले आहेत.

विकत घ्यायला निघालं की वर्णनं वाचावी लागतात. कुठला पिकअप दुधाळ, कुठला काचेसारखा, कुठला दणकट. त्यातून काही निष्पन्न होत नाही म्हणून माणूस आकड्याकडे वळतो आणि तिथे फसतो. तो आकडा म्हणजे कॉइलचा रोध, म्हणजे ती विजेला किती अडवते ते, किलोओममध्ये. आठ असला तर जुन्या वळणाचा, तेरा असला तर आक्रमक, असा सर्वसाधारण समज. डिमार्झिओ कंपनीचा १९७२ मधला सुपर डिस्टॉर्शन पिकअप याच तेराच्या घरातला, आणि बदलून बसवायच्या पिकअपचा धंदा त्यानेच रुळवला. पण तार आणखी बारीक घेतली तर तेवढ्याच वेढ्यांत रोध वाढतो, आवाज काही वाढत नाही. शिवाय तांबं तापलं की रोध चढतो. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे आठ किलोओम दाखवणारा पिकअप मेच्या दुपारी मल्टिमीटरवर पावणेनऊच्या आसपास जातो. ऊन लागल्याने कुणाची गिटार आक्रमक झाल्याचं ऐकिवात नाही.

भाचा विचारतो, ‘मामा, कोणता घेऊ?’ मी म्हणतो, आधी स्क्रू ड्रायव्हर घे. पिकअपच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, त्यांनी तो वर-खाली होतो. तारांच्या फार जवळ नेला तर आवाज मोठा येतो, पण दांडीचुंबक तारेला ओढतं आणि जाड तार वरच्या पडद्यांवर बेसूर वाजायला लागते. जरा खाली उतरवला की आवाजात हवा येते. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढताना घोडी कानसतात आणि वाजवणारा तारेखालचं सूत गव्हाच्या दाण्याएवढं सरकवतो, तेव्हा कुठे तार बोलते. गिटारवाल्याच्या हातात ती सोय स्क्रूच्या रूपात आहे, पण ती फुकट असल्यामुळे तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

दुसरा स्वस्त बदल व्हॉल्यूमच्या पॉटचा, म्हणजे बटणाखालच्या कमी-जास्त होणाऱ्या रोधाचा. २५० किलोओमचा पॉट चढ्या सुरांचा थोडा वाटा जमिनीत सोडतो, ५०० चा तो राखतो. म्हणून सिंगल कॉइलला सहसा अडीचशे आणि हंबकरला पाचशे. पुण्याच्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, पॉट मागितला तर दुकानदार विचारतो, ‘कशाला, पंख्याला?’ गिटारला म्हटलं की तो आपल्याकडे जरा करुणेने बघतो.

यानंतरही आवाज मनासारखा नसेल तर खुशाल पिकअप बदलावा. मी बदलला, तोही फक्त ब्रिजजवळचा (घोडीजवळचा) हंबकर. अॅम्पचा आवाज वाढवला की नवा पिकअप शिट्टी मारायचा, कारण आतली सैल तार स्वतःच थरथरत होती. त्यावर उपाय मेणाचा. पॅराफिनमध्ये थोडं मधाच्या पोळ्याचं मेण घालून पातेलं दुसऱ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवायचं, ६५ अंशांच्या आसपास, आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप आत बुडवायचा. जास्त तापलं तर कॉइलचा प्लॅस्टिकचा साचा वाकडा होतो. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनही असंच मेण पाजायचा. त्याच्या घरी पातेल्याचं काय झालं माहीत नाही, आमच्या घरी ते आता गिटारचं म्हणूनच ओळखलं जातं.

शिट्टी गेली, पण नवा हंबकर आणि मधला जुना पिकअप एकत्र लावले की आवाज नाक दाबल्यासारखा पातळ यायचा. दोन कारखान्यांचे पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये होते, म्हणजे एकाची लाट वर जाताना दुसऱ्याची खाली. हंबकरच्या तारांची अदलाबदल केली की काम संपतं. सोल्डरिंग आयर्न तापत ठेवली आणि तोवर वाजवत बसलो. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारमध्ये एका पिकअपचं चुंबक असंच उलटं होतं. ती गिटार पुढे गॅरी मूर आणि मग कर्क हॅमेट या गिटारवादकांकडे गेली, पण चुंबक सरळ करायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या हातात ग्रीन नाही, हे मान्य. पण तो पातळ आवाज संथ आलापीला बरा वाटला, तारसनईची आठवण करून देणारा.

शेवटी पिकगार्डला (गिटारच्या अंगावरच्या पत्र्याला) भोक पाडून एक छोटा स्विच बसवला. वर केला की सरळ, खाली केला की नाकातला. गिटार कधी विकायला काढली तर घेणारा त्या भोकावर बोट ठेवून दोन हजार पाडून मागणार, हे नक्की.