हा कुठला दगड?

फोनवर दगडाचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते, "हा कुठला दगड आहे, सांगाल का?" मी उलट विचारते, "सापडला कुठे?" काहींना ती टाळाटाळ वाटते. पण मी फोटोच्या आधी गावाचं नाव बघते, कारण निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि पश्चिम विदर्भ इथे पायाखाली बहुतेक सगळीकडे एकच खडक आहे: बेसाल्ट, आपला काळा कातळ. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. सिंहगडाच्या वाटेवर काळा, जड, बारीक दाण्यांचा दगड उचललात, तर शोध बहुधा तिथेच संपला. कोकणातला तांबडा, भोकाभोकांचा दगड म्हणजे जांभा. नागपूरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला मात्र सगळंच बदलतं. भंडाऱ्याकडे मँगनीज, चंद्रपूरकडे कोळसा आणि चुनखडक. तिथल्या दगडावर मी पुण्यात बसून छातीठोक मत देत नाही. आणि रस्त्याच्या कडेला मिळालेला, एका बाजूने गुळगुळीत ग्रॅनाइट? तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या ओट्याचा तुकडा आहे.

सगळ्यात जास्त आशा असते ती उल्केची. "अहो, लोहचुंबक ओढलं जातंय त्याच्याकडे!" जाणारच. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात, त्यामुळे चुंबक जरा जोरदार असेल तर आपल्याकडचा कुठलाही काळा धोंडा ही परीक्षा पास होतो. दगडाला बुडबुड्यांची भोकं असतील तर उल्केचा नाद सोडाच. ती लाव्ह्यातून वायू निघून गेल्याची खूण असते, नाहीतर तो तुकडा कुठल्या तरी भट्टीतून निघालेल्या धातुमळीचा असतो.

खरी गंमत पांढऱ्या दगडांची. बेसाल्टमधल्या त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि आत स्फटिक वाढले. तुम्हाला मिळालेला पांढरा, चमकणारा तुकडा बहुधा तीनपैकी एक असणार: गारगोटी (क्वार्ट्झ), कॅल्साइट (चुनखडकातलं खनिज) किंवा झिओलाइट या खनिजांच्या गटातलं काहीतरी. हे तिन्ही फोटोत सारखेच दिसतात, हातात घेतल्यावर नाही.

आधी जुन्या काचेच्या तुकड्यावर दगडाचं टोक दाबून ओढा. काचेवर खोल चरा उमटला आणि बोटाने पुसूनही गेला नाही, तर ती गारगोटी. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्स मापावर तिचं काठिण्य ७, काचेचं साधारण ५.५. चरा उमटला नाही, तर दगडाच्या मागच्या, फुटक्या बाजूवर चाकूने थोडं खरवडा. (स्फटिकाच्या चांगल्या बाजूला हात लावायचा नाही. सुंदर नमुने असेच वाया जातात.) त्या भुकटीवर लिंबाचे दोन थेंब टाका आणि भिंगातून बघा. बुडबुडे फसफसले तर कॅल्साइट. त्याचं काठिण्य फक्त ३, आणि फुटतानाही त्याचे तिरक्या बाजूंचे ठोकळे पडतात. काहीच हललं नाही तर झिओलाइटकडे वळा. त्यातल्या स्टिल्बाइटचे स्फटिक मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे असतात, दोन्ही टोकांना पसरलेले. चौकोनी खांबासारखा, काचेइतका पारदर्शक स्फटिक दिसला तर तो अपोफिलाइट असू शकतो. तो खरं म्हणजे झिओलाइट नाही, पण राहतो त्यांच्याच शेजारी.

रंगावर फार विसंबू नका. जालन्याकडचा जांभळा अमेथिस्ट म्हणजे गारगोटीच, स्टिल्बाइट पांढराही असतो आणि फिकट केशरीही. अपवाद एकच सांगते, कॅव्हानसाइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींनी हे गडद निळं खनिज जगभर पोचवलं. ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा चुकत नाही. बाकीच्यांसाठी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून या. तिथे तासभर डोळे फिरवलेत की पुस्तकातली वर्णनं कळायला लागतात.

पहिल्या दिवसापासून चिठ्ठी लावायची सवय ठेवा: गाव, जागा, तारीख. दगड कातळातून काढला की सुटा पडलेला होता, तेही लिहा. खडीच्या खाणीत जायचं तर मालकाची परवानगी घेऊन, आणि सुरुंग कधी लावणार ते विचारून. ताज्या फोडलेल्या कड्याखाली उभं राहू नका. बाजूला टाकलेल्या ढिगातच बरंच काही मिळतं. किल्ल्यांवर, लेण्यांत आणि लोणारला हातोडी पिशवीतून बाहेर काढायची नाही.