आप्पा घेत होते का?

हा प्रश्न मला अकरा दिवसांत किती जणांनी विचारला ते मोजलं नाही, पण पहिला नंबर कवठ्याच्या आत्तोबांचा. आमचे आप्पा ७४ वर्षांचे, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग, गळ्यात तुळशीची माळ, चहासुद्धा दिवसाला दोनच कप. आणि पेपरवर लिहिलेलं ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. आमच्याकडं हे नाव ऐकलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकच गोष्ट येते, बाटली.

झालं असं की गेल्या नोव्हेंबरात पुतण्याच्या मुलाचं जावळ होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, आणि तूप म्हणजे आप्पांना वाडग्यानं लागतं. रात्री अकराला पोटात दुखायला लागलं, बेंबीच्या वर मधोमध. दादानं विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय, पित्त झालंय." मग काय, इनो झालं, ओवा झाला, आईनं बेंबीला हिंग लावला. पहाटेपर्यंत तीन उलट्या. सकाळी गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासभर बरं वाटलं, परत सुरू. मी सांगलीत विश्रामबागला असते, मला फोन आला दुपारी एकला, तोही आईनं गुपचूप केलेला. "ह्ये वाकूनच बसल्यात गं, आडवं हुईनात." दादाला विचारलं तर तो म्हणे आप्पा बरं हाय म्हणत्यात. आप्पांचं बरं हाय म्हणजे काय ते आम्हाला माहीत असायला पाहिजे होतं खरं तर, २०१९ च्या पुरात पाव्हण्यांच्या घरात छातीएवढं पाणी आलं तेव्हा पण हा माणूस फोनवर सगळं बरं हाय म्हणत होता.

कवलापूर, माधवनगर करत दादानं गाडी आणली. कॅज्युअल्टीत आधी ईसीजी काढला, ट्रोपोनिन पाठवलं, कारण या वयात वरच्या पोटात दुखतंय आणि घाम फुटलाय म्हटलं की आधी हार्ट बघतात. ते नॉर्मल. मग त्या ड्युटीवरच्या मॅडमनी विचारलं, झोपल्यावर जास्त दुखतं का, पाठीत जातं का, आणि मी आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी लगेच लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाची रक्ततपासणी, लिहिलं. रिपोर्टवर नॉर्मल ६० पर्यंत, आप्पांचं १४३२. मॅडम म्हणाल्या दुखणं तसलंच आहे आणि लायपेज तिपटीच्या वर आहे, दोन गोष्टी जुळल्या, निदान झालं. सोनोग्राफीत स्वादुपिंड गॅसमुळं नीट दिसलंच नाही, पण पित्ताशयात खडे दिसले, बरेच.

इथं मला घाम फुटला. कारण तीन वर्षांपूर्वी लघवीच्या त्रासासाठी सोनोग्राफी केली होती त्यात पण हे खडे होते, आणि ती फाईल आमच्याच कपाटात साड्यांखाली पडलेली. सर्जनना विचारलं, तेव्हाच ऑपरेशन करायला पाहिजे होतं का? ते म्हणाले, नाही, त्रास देत नसलेले खडे सहसा काढत नाहीत, बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तुमच्यातला एक खडा घसरून नळीत आला, पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात एकाच तोंडाशी येते, तिथं अडकला की स्वादुपिंडाचा रस आतल्या आत पेटतो. आणि म्हाताऱ्या माणसात दारूपेक्षा हे खड्यांचंच कारण जास्त सापडतं. हे वाक्य मी फोनवर रेकॉर्ड करून घ्यायला पाहिजे होतं.

नातेवाईकांचं पहिल्या दिवसापासून एकच, सीटी स्कॅन का करत नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं निदान झालेलंच आहे, स्वादुपिंडाचा भाग मरतोय का ते पहिल्या दिवशी सीटीत कळत नाही, तीन-चार दिवसांनी कळतं, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा रिपोर्ट, १.८ असा वाढलेला असताना सीटीसाठी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायची घाई नको. मला पटलं. मामाला नाही पटलं, तो खाली जाऊन दुसऱ्या डॉक्टरला फोन लावत बसला. आयसीयूत धोका किती ते बघायला एक स्कोअर काढतात त्यात रक्तातलं युरिया, शुद्ध, ताप-नाडी-श्वास, छातीत पाणी, असं बघतात आणि वय ६० च्या वर असलं की तेवढ्यानंच एक मार्क. म्हणजे आप्पा आत जातानाच एक मार्क घेऊन गेलेले.

यावरचं खास औषध असं काही नाही हे ऐकून धक्का बसतो. सलाईन, दुखण्यावर औषध, आणि लक्ष. अँटिबायोटिक पण पहिल्यापासून दिलं नाही, इन्फेक्शन दिसलं तरच म्हणाले. सलाईनचं गणित मात्र भलतंच नाजूक. पूर्वी धो-धो लावायचे, पण २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास आला त्यात जास्त जोरात सलाईन दिलेल्यांना फायदा काहीच झाला नाही, उलट अंगात पाणी साठायचं प्रमाण वाढलं, असं डॉक्टरांनी समजावलं. कमी पडलं तर किडनी बसते, जास्त झालं तर फुफ्फुसात पाणी, त्यात आप्पा बीपीवाले. म्हणून सिस्टर तासातासाला लघवीची पिशवी बघायच्या आणि लिहायच्या. दादा बाहेरून दर तासाला मला मेसेज करायचा, "किती झाली?" बागेत पाणी किती दिलं विचारावं तसं. बिचारा, बाग फुलोऱ्यात, रोज दव, डाऊनी रोगाची फवारणी चुकवता येत नव्हती म्हणून तो तासगाव-सांगली नुसता ये-जा करत होता. दोन दिवसांत क्रिएटिनिन उतरायला लागलं.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती तिसऱ्या रात्री. दोन वाजता सिस्टरनी बोलावलं, आप्पा सलाईनची नळी ओढत होते, कॉटवरून पाय खाली. "लाईट आलीया, मोटार चालू कराय पायजे, सोडा मला." शेतीची लाईट रात्रीची येते, आयुष्य त्यातच गेलेलं, मॉनिटरचा टूं टूं आवाज त्यांना स्टार्टरचा वाटत होता का काय देव जाणे. मला ओळखलं नाही, मला म्हणाले, "बाई, तुमी कुणाच्या?" मी बाहेर येऊन रडले. डॉक्टर म्हणाले याला डिलिरियम म्हणतात, वयस्कर माणसात आजारपणात, आयसीयूत होतं, वेड लागलेलं नाही, उतरतं. हात बांधायची गोष्ट निघाली, मी म्हटलं मी बसते शेजारी. दुसऱ्या दिवशी त्यांचा चष्मा आणून दिला, कानातलं मशीन लावलं (ते आम्ही हरवेल म्हणून घरी ठेवलेलं, काय अक्कल), कॉट खिडकीकडे घेतली, आणि मी दर थोड्या वेळानं सांगत राहिले, आप्पा आज गुरुवार, आपण सांगलीत आहे, मोटार दादानं चालू केलीय. मोटारीचं ऐकलं की शांत व्हायचे. दोन रात्रींत उतरलं.

खाणं तिसऱ्या दिवशीच सुरू केलं, भाताची पेज. मला वाटलेलं आठवडाभर उपाशी ठेवतील, तसं पूर्वी होतं म्हणे, आता दुखणं आणि उलट्या कमी झाल्या की लवकर देतात. मावशी सहा शहाळी घेऊन आली, सिस्टरनी दारातच अडवली, किडनी पूर्ण सावरेपर्यंत पोटॅशियम नको. शहाळी शेवटी वॉर्डबॉय आणि मामानं प्यायली. शुगर पण वाढलेली, काही दिवस इन्सुलिन लागलं, स्वादुपिंडच दुखावलंय तर ते होणारच.

पाचव्या दिवशी डोळे पिवळे. कावीळीचं बिलिरुबिन ३.४, वाढलेलं. एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळीचा एमआरआय केला, नळीत खडा अजून अडकलेलाच. मग ईआरसीपी, तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड कापून खडा काढतात. फॉर्मवर सही करताना वाचलं की या प्रोसिजरनं पण पॅन्क्रियाटायटिस होऊ शकतो, पेन हातात धरून मी पाच मिनिटं नुसती बसले. आत नेताना माळ काढायला लावली. आप्पा त्या दिवशी पहिल्यांदा चिडले, "गळा मोकळा करून कुठं न्हेताय?" मी माळ पर्समध्ये ठेवली, बाहेर येईपर्यंत पर्स मांडीवरनं खाली ठेवली नाही.

सीटी त्यानंतर झालं, स्वादुपिंडाभोवती पाणी साठलेलं, मेलेला भाग नाही. सौम्य असतं तर पित्ताशय त्याच ॲडमिशनमध्ये काढतात, नाहीतर खडे परत तोच खेळ करतात. आमचं मधल्या दर्जाचं, पाणी जिरेपर्यंत सहा आठवडे थांबा म्हणाले. सहा आठवडे घरात तूप, तळण, शेंगदाण्याची चटणी बंद. आप्पा एवढ्या दिवसांत कधी दुखतंय म्हणाले नाहीत पण चटणीसाठी रोज भांडले.

बिलाचं थोडक्यात सांगते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० आणि त्यावरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. आम्ही कार्ड काढलेलंच नव्हतं, आणि आम्ही गेलो ते हॉस्पिटल योजनेत पण नव्हतं. सगळं रोख. ऑपरेशनच्या आधी मात्र आधार घेऊन कार्ड काढलं आणि मिरजेत योजनेतलं हॉस्पिटल आधी फोन करून विचारून घेतलं, तिथं आरोग्यमित्राच्या टेबलवर अर्धा दिवस गेला तेवढाच.

जानेवारीत दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तिसऱ्या दिवशी घरी. सर्जननी प्लास्टिकच्या डबीत खडे दिले, सात, तुरीच्या दाण्याएवढे. ती डबी आता देव्हाऱ्याशेजारी असते. कोण भेटायला आलं की आप्पा चहा यायच्या आधी डबी उघडतात, खडे तळहातावर ओततात आणि म्हणतात, "ह्ये बगा. दारू न्हवती." परवा आई म्हणाली, आता फेका ते, देवाजवळ कसलं ठेवताय. तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कवठ्याचं पाव्हणं अजून बघून गेल्यालं न्हाईत."